स्क्रीनसमोर डोळे जळजळणं आणि डोकं चढणं: रोज परत येणाऱ्या त्रासाचं मूळ शोधण्याची रीत

तक्रार साधारण अशी असते. सकाळी कामाला बसताना डोळे ठीक असतात. जेवणानंतर पापण्या जड होतात, चारच्या चहापर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटू लागतं आणि घरी निघेपर्यंत कपाळ नाहीतर मान ठणकत असते. गोळी घेतली की रात्र निघते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कोणी निळ्या प्रकाशाचा चष्मा सुचवतं, कोणी डोळ्यांत घालायचे थेंब, कोणी भिजवलेले बदाम. आठवडाभर बरं वाटतं आणि त्रास परत येतो.

परत येतो, कारण मूळ दोषाला कोणी हात लावलेला नसतो. स्क्रीनसमोर बसल्यावर एकाच वेळी बऱ्याच गोष्टी घडतात: पापण्या कमी लवतात, जवळचं बघायला लावणारा डोळ्यातला स्नायू तासन्‌तास आवळलेला राहतो, दोन्ही बुबुळं आत वळलेली राहतात, मान पुढे येते आणि कुठून तरी नको तो उजेड डोळ्यांत शिरत असतो. यातली ज्याची जी बाजू कमजोर, तिथून त्याचा त्रास सुरू होतो. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या माणसाला गुण आलेला उपाय तुम्हाला येईलच असं नाही.

डीटीपी आणि मुद्रितशोधनाच्या कामात मी बरीच वर्षं आहे. आमच्याकडे नवीन माणूस रुजू झाला की त्याचं टेबल, खुर्ची आणि स्क्रीन मीच लावून देतो. त्या अनुभवातून आणि नेत्रतज्ज्ञांकडून समजून घेतलेल्या गोष्टींतून ही रीत बसली आहे.

आधी फक्त नोंद

काहीही विकत घेण्याआधी चार-पाच दिवस एका कागदावर तीनच गोष्टी लिहा. त्रास किती वाजता सुरू झाला, नेमकं कुठे दुखतंय आणि त्या वेळी काय चाललं होतं. एवढ्यावरून निम्मा उलगडा होतो.

दुपारनंतर जळजळ वाढते आणि डोळे मिटून बसलं की लगेच बरं वाटतं, तर संशय कोरडेपणावर. स्क्रीनवरून नजर उचलून लांबच्या पाटीकडे पाहिलं की क्षणभर धूसर दिसतं, भुवयांच्या वर जडपणा येतो, तर चष्म्याच्या नंबरावर. दुखणं मानेच्या मुळातून निघून डोक्याच्या मागून कानशिलाकडे सरकतं, तर बैठकीवर. एका विशिष्ट खोलीत किंवा एका विशिष्ट फोनवर पंधरा-वीस मिनिटांतच डोकं चढतं, तर उजेडावर. आणि रविवारी स्क्रीनकडे न पाहताही तसंच दुखत असेल, तर स्क्रीनला सोडा आणि कारण दुसरीकडे शोधा.

यानंतर एका वेळी एकच बदल करा आणि त्याला चार-पाच दिवस द्या. नवीन चष्मा, नवीन खुर्ची आणि थेंब एकाच आठवड्यात सुरू केले, तर बरं कशाने वाटलं ते कळत नाही आणि त्रास उलटला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

वाट बघत बसू नये अशी लक्षणं

खालचं काही वाचण्याआधी हे तपासा. अचानक, क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी. डोळा लाल होऊन आतून ठणकणं, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसणं आणि सोबत उलटी. एका डोळ्याने अंधारून येणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, तोंड वाकडं होणं किंवा हातात जोर न राहणं. ताप आणि मान आखडणं. पहाटे डोकं दुखून जाग येणं आणि उलट्या. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशिलाला हात लावला तरी दुखत असेल किंवा चावताना जबडा भरून येत असेल तर. यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्क्रीनची मांडणी नंतरही करता येईल.

जळजळ, वाळू, मधूनच धूसर: कोरडेपणा

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त लोक या गटात येतात, आणि बहुतेकांना आपले डोळे कोरडे आहेत हे पटत नाही, कारण त्यांच्या डोळ्यांतून उलट पाणी वाहत असतं. डोळ्याचा पृष्ठभाग वाळला की तो चिडतो आणि चिडल्यावर भसाभस पाणी येतं. हे पाणी टिकत नाही, गालावर ओघळून जातं. डोळ्यावर टिकणारा अश्रूंचा थर वेगळा असतो. त्यात खाली चिकट श्लेष्मा, मध्ये पाणी आणि वर तेलाचा पातळ पापुद्रा असतो. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं आणि पाण्याची वाफ होऊ देत नाही. पापणी लवली की हा थर पुन्हा सारखा पसरतो.

अडचण इथेच आहे. १९९३ साली जपानी संशोधकांनी पापण्यांची उघडझाप मोजली. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी लववतो, पुस्तक वाचताना १० वेळा आणि स्क्रीनकडे बघताना फक्त ७ वेळा, असं त्यांना दिसलं. शिवाय स्क्रीनसमोर बऱ्याच वेळा पापणी अर्धीच मिटते, त्यामुळे बुबुळाचा खालचा पट्टा उघडाच राहतो.

घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. पापण्या दोनदा पूर्ण मिटा, मग डोळे उघडे ठेवून किती सेकंदांत टोचायला लागतं ते मोजा. निरोगी डोळ्यावर अश्रूंचा थर साधारण दहा सेकंद किंवा जास्त टिकतो. चार-पाच सेकंदांतच मिटावंसं वाटत असेल तर दिशा बरोबर आहे. दुसरी खूण म्हणजे अक्षरं धूसर होतात आणि पापणी लववली की पुन्हा स्वच्छ दिसतात. चष्म्याच्या नंबराने आलेला धूसरपणा पापणी लववून जात नाही.

आता उपाय, आणि त्यात पहिला वाऱ्याचा. एसीचा झोत किंवा पंख्याचा वारा थेट चेहऱ्यावर येतोय का ते बघा. टेबल हलवता येत नसेल तर एसीच्या पात्या वर वळवा, पंखा एकने कमी करा, टेबलावरचा छोटा पंखा चेहऱ्याऐवजी पोटाच्या रोखाने लावा. मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्यालाही दिवसाचे नऊ तास एसीत बसल्यावर कोरडीच हवा मिळते. नागपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात तर बाहेरची हवाही कोरडी आणि आतलीही.

दुसरा उपाय स्क्रीनच्या उंचीचा. स्क्रीन उंच असली की आपण डोळे विस्फारून बघतो आणि जास्त पृष्ठभाग उघडा पडतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली ठेवली की नजर आपोआप खाली झुकते आणि वरची पापणी निम्मं काम करते. फुकटचा उपाय आहे, पण याने फरक पडलेले लोक मी सर्वांत जास्त पाहिले आहेत.

तिसरा पापण्यांचा. दर तासाला आठ-दहा वेळा पापण्या सावकाश, पूर्ण मिटा, क्षणभर मिटलेल्या ठेवा आणि उघडा. ज्यांच्या पापण्यांच्या कडा सकाळी चिकटलेल्या किंवा तेलकट असतात त्यांनी रात्री कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं मिटलेल्या डोळ्यांवर आठ-दहा मिनिटं ठेवावं. गार झालं की पुन्हा बुडवायचं. मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेने हलक्या बोटाने चोळायची. ग्रंथींत घट्ट झालेलं तेल त्याने मोकळं होतं. दोन-तीन आठवडे सलग केल्याशिवाय याचा गुण दिसत नाही.

थेंबांबद्दल सावधपणे लिहितो. कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजसारखे कृत्रिम अश्रू बहुतेकांना चालतात. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कारण बाटलीतलं बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह सतत गेलं तर तेच डोळ्याला बोचतं. मात्र मेडिकलमध्ये जाऊन ‘डोळे लाल होतात, काहीतरी द्या’ असं कधीही मागू नका. लाली झटपट घालवणारे काही थेंब सुटले की लाली दुपटीने येते. आणि स्टिरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. गुलाबजल, मध, घरचं काजळ हेही डोळ्यांत नको. गुलाबजल निर्जंतुक नसतं आणि काजळ त्याच तेलाच्या ग्रंथींच्या तोंडाशी जाऊन बसतं.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना, लॅसिक (नंबर घालवायची लेसर शस्त्रक्रिया) झालेल्यांना, पाळी थांबलेल्या स्त्रियांना आणि सर्दी-ॲलर्जीसाठी सेट्रिझिनसारख्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना कोरडेपणा लवकर गाठतो. सोबत तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर ते डॉक्टरांना नक्की सांगा.

भुवयांवर जडपणा, लांबचं धूसर: नंबर आणि अंतर

जवळचं पाहताना डोळ्यातला स्नायू आवळतो आणि भिंग फुगतं. ६० सेंटीमीटरवरच्या स्क्रीनसाठी साधारण १.७ डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक) इतका जोर लागतो, ३० सेंटीमीटरवर धरलेल्या मोबाइलसाठी ३.३, म्हणजे दुप्पट. भरलेली कळशी काखेत घेऊन दोन मिनिटं उभं राहायला कोणालाही जमतं, पण दोन तास उभं राहिलं की वजन तेवढंच असूनही हात भरून येतो. तसंच इथे होतं. ऑफिस सुटल्यावर डोळ्यांना आराम म्हणून लोकलमध्ये किंवा बसमध्ये मोबाइल बघणारे लोक या स्नायूवरचा भार दुप्पट करत असतात. नोंदीच्या कागदावर ‘घरी पोचताना डोकं चढलं’ असं येत असेल तर कॉम्प्युटरआधी परतीच्या तासाभराकडे बघा.

तरुण माणसांत एक दोष हमखास सुटून जातो. थोडा प्लसचा नंबर असलेला वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा तपासणीच्या तक्त्यावरची शेवटची ओळ सहज वाचतो, कारण त्याचा स्नायू तो नंबर स्वतःच भरून काढतो. ‘नंबर नाही’ असं ऐकून तो घरी येतो आणि रोज संध्याकाळी डोकं धरून बसतो. असा छुपा नंबर बाहेर काढायला थेंब घालून, स्नायू सैल करून तपासावं लागतं. छोटा सिलिंड्रिकल, म्हणजे बुबुळाच्या वाकड्या गोलाईमुळे लागणारा, नंबरही असाच. ०.५० म्हणजे काहीच नाही असं म्हणून तो सोडून देतात, पण दिवसभर बारीक अक्षरांशी ज्याचं काम आहे त्याला तो जाणवू शकतो.

दोन्ही डोळे एकत्र आत वळवण्याची ताकद कमी असेल तरी डोकं दुखतं. पेनाचं टोक हातभर अंतरावरून सावकाश नाकाकडे आणा. ते एकाचं दोन कुठे होतं ते बघा. नाकापासून दहा सेंटीमीटरच्या आत आणेपर्यंत एकच दिसायला हवं. त्याआधीच फुटत असेल, किंवा वाचताना ओळी एकमेकींत घुसत असतील, तर नेत्रतज्ज्ञांना त्यासाठी मुद्दाम तपासायला सांगा. याचे व्यायाम असतात आणि ते बऱ्याच जणांना लागू पडतात, पण शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली केलेले जास्त. मोबाइलवर व्हिडिओ बघून केलेले कमी.

चाळिशीनंतरची गोष्ट वेगळी आणि फार जणांची आहे. आमच्याकडे हिशेब बघणारे एक काका आहेत. प्रोग्रेसिव्ह चष्मा केल्यापासून त्यांची मान दुखायला लागली आणि मग डोकं. मान तपासून झाली, उशी बदलून झाली. ते काम करताना बाजूला उभं राहून पाहिलं तेव्हा कारण उघड होतं. ते हनुवटी वर करून चष्म्याच्या तळातून स्क्रीन बघत होते. प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग लांबचा, तळाचा भाग वाचनाचा आणि हातभर अंतराचं बघायला मधला एक अरुंद पट्टा असतो. त्या पट्ट्यातून रुंद स्क्रीन बघायची तर एक तर मान सतत फिरवायची नाहीतर हनुवटी वर ठेवायची. रस्त्यावर आणि समारंभात हा चष्मा उत्तम, आठ तासांच्या टेबलासाठी नाही. त्यांनी फक्त कामासाठी, स्क्रीनच्या अंतराचा वेगळा एकेरी चष्मा करून घेतला आणि मान खाली आली.

असा चष्मा करताना एक गोष्ट आपल्याच हातात असते: अंतर मोजून नेणं. कामाच्या खुर्चीत नेहमीसारखं बसा आणि डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत टेप धरायला कोणाला तरी सांगा. वाचनाचा चष्मा साधारण ४० सेंटीमीटरसाठी बनतो आणि तुमची स्क्रीन ६५ वर असते. वाचनासाठी +२.५० लागणाऱ्या माणसाला ६५ सेंटीमीटरवर +१.५० च्या आसपास लागतं. तुमचा आकडा तपासणाराच ठरवेल, पण अंतर तुम्ही सांगितलं नाहीत तर तो वाचनाचाच नंबर देईल आणि तुम्ही स्क्रीनवर झुकून बसाल.

मान आणि बैठक

यावर सगळीकडे पुष्कळ लिहिलेलं आहे, म्हणून मोजकं सांगतो. लॅपटॉपचा की-बोर्ड आणि स्क्रीन जोडलेले असतात, त्यामुळे एक तर हात बरोबर राहतात नाहीतर मान. रोज दोन तासांहून जास्त काम असेल तर लॅपटॉप जाड पुस्तकांच्या थप्पीवर चढवा आणि वेगळा की-बोर्ड-माउस घ्या. स्क्रीन हातभर अंतरावर, ५० ते ७० सेंटीमीटर. दोन स्क्रीन असतील तर जी जास्त वापरता ती नाकासमोर हवी, दोघींच्या मधली फट नाकासमोर नको.

कागदावरून टाइप करणाऱ्यांसाठी मात्र थांबून सांगायला हवं. टेबलावर आडवा कागद आणि समोर उभी स्क्रीन असली की मिनिटाला कित्येकदा मान खाली-वर होते आणि प्रत्येक वेळी डोळ्याला नवीन अंतर पकडावं लागतं. प्रूफं तपासणारे, सेतू केंद्रात अर्ज भरणारे, कोर्टाबाहेर टायपिंग करणारे, सगळ्यांचं हेच. कागद उभा धरणारा साधा स्टँड स्क्रीनला चिकटून, त्याच उंचीवर आणि त्याच अंतरावर ठेवा. पुठ्ठा आणि क्लिप वापरूनही तो होतो.

उजेड

खिडकी स्क्रीनच्या मागे असेल तर डोळ्याला एकाच वेळी दोन वेगळे उजेड सांभाळावे लागतात, खिडकी तुमच्या पाठीमागे असेल तर तिचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडतं. खिडकी बाजूला येईल असं टेबल फिरवा. ते शक्य नसेल तर जाड पडदा.

स्क्रीनचा ब्राइटनेस ठरवायला कोरा पांढरा कागद स्क्रीनच्या शेजारी धरा. स्क्रीनवरचं पांढरं पान दिव्यासारखं झळकत असेल तर ब्राइटनेस जास्त आहे, मळकट दिसत असेल तर कमी. सकाळी लावलेला ब्राइटनेस संध्याकाळी बरोबर नसतो, म्हणून तो दिवसातून दोनदा बदला. आणि अंधाऱ्या खोलीत एकटी स्क्रीन लावून बसू नका, मागच्या भिंतीवर मंद दिवा असू द्या.

लुकलुकीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे जुना चोक असलेली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला हे दिसत नाही, पण मेंदूपर्यंत पोचतं. १९८९ साली इंग्लंडमध्ये विल्किन्स या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कार्यालयात नेहमीच्या ट्यूबऐवजी हाय-फ्रीक्वेन्सी चोकच्या ट्यूब लावून पाहिल्या. डोकेदुखी आणि डोळ्यांच्या ताणाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजच्या स्वस्त एलईडी बल्बमध्येही हाच दोष सापडतो. तपासायला मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो-मोशन लावा आणि दिव्याकडे धरा. चित्रात पट्टे सरकताना किंवा उजेड धडधडताना दिसला तर तो दिवा बदला.

हीच गोष्ट स्क्रीनमध्येही असते. ब्राइटनेस कमी केला की काही स्क्रीन खरोखर मंद होत नाहीत, सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होऊन मंद असल्याचं भासवतात. अनेक ओलेड (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या) स्क्रीनच्या फोनमध्ये हा वेग सेकंदाला २४० च्या आसपास असतो. सगळ्यांना याचा त्रास होत नाही, पण ज्यांना होतो त्यांचं डोकं रात्री मंद ब्राइटनेसवर फोन बघितला की काही मिनिटांत चढतं आणि कारण कोणालाच कळत नाही. अंधारात पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल भरभर हलवा. पेन्सिलीची सलग पुसट छटा न दिसता सुट्या-सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर स्क्रीन लुकलुकते आहे. अशा वेळी ब्राइटनेस वर ठेवा आणि उजेड कमी करायला सेटिंगमधला ‘डीसी डिमिंग’ किंवा ‘फ्लिकर कमी करा’ असा पर्याय असेल तर तो चालू करा. नवीन मॉनिटर घेताना ‘फ्लिकर-फ्री’ लिहिलेला घ्या.

अक्षरं

मराठीत काम करणाऱ्यांना इंग्रजीच्या मापाने लावलेली स्क्रीन पुरत नाही. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, रफार, मात्रा, अनुस्वार असतात आणि खाली उकार, रकार, जोडाक्षरांचे पाय. सगळं एका ओळीच्या उंचीत बसवायचं म्हणजे मूळ अक्षर लहान होतं. बारा पॉइंटचं इंग्रजी सहज वाचता येतं, पण त्याच मापात घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक बघायला डोळे बारीक करावे लागतात. डोळे बारीक करणं म्हणजे भुवयांचे स्नायू आवळणं, आणि संध्याकाळचं कपाळ तिथूनच दुखतं.

माप ठरवायची एक सोपी चाचणी आहे. नेहमीच्या अंतराच्या तिप्पट मागे जा. तिथून मजकूर जेमतेम वाचता आला तर नेहमीच्या जागी तो आरामात वाचता येईल. नाही आला तर वर्डमध्ये झूम वाढवा आणि विंडोजमध्ये डिस्प्लेचं स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. रेझोल्यूशन कमी करून अक्षरं मोठी करू नका, त्याने कडा पुसट होतात. रेझोल्यूशन ‘शिफारस केलेलं’ तेच ठेवा. टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल तर त्या एचडीएमआय इनपुटचा मोड ‘पीसी’ करा आणि शार्पनेस खाली आणा. नाहीतर टीव्ही रंगाची माहिती कमी करून दाखवतो आणि लाल-निळ्या अक्षरांच्या कडा फुटतात.

काळ्यावर पांढरं, म्हणजे डार्क मोड, सगळ्यांसाठी चांगला हा समज सोडा. अंधारात तो सुखाचा वाटतो, पण सिलिंड्रिकल नंबर असलेल्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरलेली दिसतात. उजेडाच्या खोलीत लांबलचक वाचन असेल तर पांढऱ्यावर काळंच बरं.

निळा चष्मा आणि २०-२०-२०

डोळ्यांच्या ताणासाठी निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांवर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात १७ चाचण्या एकत्र पाहिल्या, आणि अल्प काळात तरी साध्या काचेच्या तुलनेत या काचांनी ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही. दुपारी अंगणात उभं राहिलं की डोळ्यांत शिरणारा निळा प्रकाश स्क्रीनपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्या पैशांत नीट नेत्रतपासणी होते. झोपेआधी प्रखर उजेड नको हे खरं, पण त्यासाठी फोन बाजूला ठेवणं हा सरळ उपाय आहे.

दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांब बघायचा नियम अमेरिकेतले ऑप्टोमेट्रिस्ट जेफ्री अँशेल यांनी लोकांना दिला. तो चांगला आहे, फक्त आकड्यांत अडकू नका. वन-रूम-किचनमध्ये वीस फूट मिळत नाहीत. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघा, तीही चालते. पण त्या वीस सेकंदांत फोन उचलला तर सगळं फुकट जातं.

डोळ्यांचा दोष नसताना

नोंदीत रविवारची डोकेदुखी दिसत असेल तर या शक्यता बघा. संकष्टी, एकादशी, गुरुवार असे उपवास धरणाऱ्यांचं डोकं त्या दिवशी दुपारी ठणकत असेल तर पोट रिकामं आहे आणि पाणी कमी गेलं आहे. रोज चार कप चहा पिणाऱ्याचा चहा सुट्टीच्या दिवशी उशिरा झाला तर कॅफिन न मिळाल्यानेही डोकं धरतं. एका बाजूला ठोके पडल्यासारखं दुखणं, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणं ही अर्धशिशी. तिला स्क्रीन निमित्त होते, पण औषध वेगळं लागतं आणि चांगलं मिळतं. रक्तदाब एकदा मोजून घ्यावा.

आणि गोळ्यांकडे बघा. साधी पॅरासिटामोल महिन्यातून १५ किंवा त्याहून जास्त दिवस, अनेक औषधं एकत्र असलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळीच डोकेदुखी आणू लागते. गोळीचा असर ओसरला की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. फार लोक या फेऱ्यात अडकलेले आहेत आणि ते स्क्रीनला दोष देत आहेत. यातून डॉक्टरांच्या मदतीने बाहेर पडता येतं, पहिले काही दिवस मात्र जड जातात.

तपासणीला जाताना

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर थांबू नका, नेत्रतज्ज्ञांकडे जा. सोबत नोंदीचा कागद, सध्याचा चष्मा, स्क्रीनचं मोजलेलं अंतर आणि घेत असलेल्या सगळ्या औषधांची नावं न्या. कामाच्या जागी बसलेले असताना बाजूने कोणाकडून तरी एक फोटो काढून घ्या, मान आणि चष्मा कसा धरता ते त्यात दिसतं. अश्रूंचा थर किती टिकतो, प्लसचा छुपा नंबर आहे का, दोन्ही डोळे एकत्र नीट वळतात का, आणि चाळिशी उलटली असेल तर डोळ्याचा दाब किती, या चार गोष्टी तपासून घ्यायला सांगा. थेंब घालून तपासणी झाली तर त्यानंतर काही तास जवळचं नीट दिसत नाही, म्हणून गाडी चालवत जाऊ नका आणि त्या दिवशी काम ठेवू नका.